खर्जातला पैसा

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यातली नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं बंद होती. महाराष्ट्रात चित्रपटगृहं निम्म्या खुर्च्यांनिशी उघडली ती ५ नोव्हेंबरला. त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, ९ ऑक्टोबरला, सोनी लिव्हवर ‘स्कॅम १९९२’ ही दहा भागांची मालिका आली आणि तिच्याबरोबर एक धून घराघरांत शिरली. तिला शब्द नव्हते, गायक नव्हता, सनई-सतार नव्हती. खाली जाडजूड खर्ज, त्यावर ड्रमचा ठेका आणि वर पुन्हापुन्हा परतून येणारा सुरांचा एक छोटा, हट्टी तुकडा. थोड्याच दिवसांत ती रिंगटोन झाली. सोसायटीच्या जिन्यात, रिक्षात, बँकेच्या रांगेत कुणाच्या तरी खिशातून ती वाजू लागली. शेअरमधलं ओ की ठो कळत नाही अशा माणसांनीही ती मोबाइलवर ठेवली.

ती धून अचिंत ठक्कर या मुंबईच्या तरुण संगीतकाराची. मालिका हंसल मेहता आणि जय मेहता यांची. शेअरदलाल हर्षद मेहता झालेल्या प्रतीक गांधीला त्या मालिकेनं रातोरात मोठं केलं आणि त्याचं कौतुक रास्तच होतं. पण त्या मालिकेतलं आणखी एक पात्र पडद्यावर कधीच दिसत नाही आणि तरी प्रत्येक भागात हजर असतं. ते म्हणजे तो सिंथेसायझर. दहा भाग पाहून झाल्यावर संवाद विसरतात, बँकांची नावं विसरतात. तो आवाज मात्र डोक्यातून जात नाही. असं का होतं, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरात विचारण्याजोगा आहे. कारण या शहराचा कान सिंथेसायझरच्या बाबतीत नेहमीच जरा कडक राहिला आहे.

मराठी प्रेक्षकाला मालिकेचं संगीत म्हटलं की शीर्षकगीत आठवतं. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ आली. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. त्यानंतर ‘वादळवाट’. रात्रीची जेवणं त्या गाण्यांच्या वेळेला बांधली गेली होती आणि आजही त्या चाली कानावर पडल्या की एक अख्खं दशक उभं राहतं. ही परंपरा थोर आहे. नाट्यपदावर आणि भावगीतावर पोसलेल्या कानाला मालिकेच्या दारातही कवितेनंच स्वागत व्हावं असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण गाणं संपल्यावर, प्रत्यक्ष प्रसंगाच्या मागे काय वाजत होतं? बहुतेक वेळा की-बोर्ड. यामाहाचा डीएक्स-७ १९८३ मध्ये आला, कॉर्गचा एम-१ १९८८ मध्ये. या यंत्रांत बासरी, व्हायोलिनचा ताफा, घंटा, पियानो असे तयार आवाज भरलेले असत. वादक त्यांना टोन म्हणतात किंवा पॅच. रोज एक भाग द्यायचा, पैसे मोजके, वेळ त्याहून मोजका. मग दहा व्हायोलिनवादक बोलवायचे कुठून? एक की-बोर्डवाला आणि एक ऑक्टोपॅडवाला, एवढ्यात भागवलं जाई. सासूनं मान वळवली की घण्ण, सुनेचे डोळे भरले की व्हायोलिनचा टोन. सिंथेसायझर आपल्याकडे घराघरांत पोचला तो असा, बदली कामगार म्हणून. जे वाद्य परवडत नाही त्याची नक्कल करण्याची नोकरी त्याला मिळाली. नक्कल करणारा कितीही चांगला असला तरी मुळापेक्षा उणाच ठरणार. ‘कॅसिओवर वाजवल्यासारखं’ हा शेरा मराठी घरात कौतुक म्हणून कुणी कधी दिला नाही.

पुण्याच्या अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन, खऱ्या सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा मराठी माणसाला जो अभिमान वाटला त्यात हाही एक धागा होता. आपल्या गोष्टीसाठी खरी माणसं खरी वाद्यं वाजवत आहेत. तो अभिमान योग्यच होता. फक्त त्यातून एक समजूत घट्ट झाली, की यंत्राचा आवाज म्हणजे पैशाची चणचण आणि खरं वाद्य म्हणजे कला.

‘स्कॅम १९९२’ ही समजूत मोडते. या धुनेतला सिंथेसायझर कुणाचीच नक्कल करत नाही. तो बासरीसारखा, व्हायोलिनसारखा वाजू पाहत नाही. आपण विजेवर चालणारं यंत्र आहोत हे तो पहिल्या क्षणापासून सांगतो आणि त्याच आवाजात बोलतो. यात चणचणीचा प्रश्न नव्हता. हाच संगीतकार दोन वर्षांनी ‘रॉकेट बॉइज’ या मालिकेला भरगच्च वाद्यवृंदाचं संगीत देतो आणि ‘मोनिका, ओ माय डार्लिंग’ या चित्रपटात राहुलदेव बर्मन यांच्या काळातलं, पितळी वाद्यांनी सळसळणारं संगीत उभं करतो. म्हणजे हर्षद मेहतासाठी सिंथेसायझर ही निवड होती. ती इतकी अचूक का ठरली, हे समजून घ्यायचं तर आधी कान थोडा मागे न्यावा लागतो.

लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, तिथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनी होती. व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये तिथेच ‘कुंकू’ केला. संगीत केशवराव भोळे यांचं. या चित्रपटात दोघांनी एक विलक्षण नियम पाळला: पार्श्वसंगीत नाही. पडद्यावरच्या जगात ज्याचा उगम आहे तेवढाच आवाज ऐकू येईल. घड्याळ असेल तर घड्याळाचा, माणूस गाईल तर गाण्याचा. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि पुण्यातल्या एका स्टुडिओत ध्वनीचा इतका खोल विचार चालला होता. आवाजामागे वस्तू हवी, देह हवा, हा त्या नियमाचा गाभा.

सनई ऐकली की फुगलेले गाल डोळ्यांपुढे येतात. तबला ऐकला की बोटं. सारंगीत तर नखाची घासही ऐकू येते. सिंथेसायझरच्या आवाजामागे असं काहीच दिसत नाही. त्याला देह नाही. आतमध्ये ऑसिलेटर एक कच्ची लहर तयार करतो, फिल्टर तिच्यातला काही भाग छाटतो, एन्व्हलप ती लहर किती झपाट्यानं वर चढेल आणि किती सावकाश विरेल ते ठरवतो. हे सगळं विद्युतदाबाचं काम. ‘कुंकू’च्या नियमाला यापेक्षा उलटं काही असू शकत नाही. आणि हर्षद मेहताच्या कहाणीला यापेक्षा शोभेलसंही काही नाही.

ती कहाणी मुळात काय होती? बँकांना आपल्या हिशेबात सरकारी रोखे दाखवावे लागत. कमी पडले तर एक बँक दुसरीकडून ते काही दिवसांसाठी घेई आणि ठरल्या दिवशी परत देई. या व्यवहाराला रेडी फॉरवर्ड म्हणत. प्रत्यक्ष रोखे इकडून तिकडे न्यायच्या ऐवजी एक पावती दिली जाई, बँक रिसीट. बाजाराच्या बोलीत नुसतं बीआर. मध्ये हर्षदसारखा दलाल असे. पावती खरी, पण तिच्यामागे रोखेच नाहीत, असं घडू लागलं, तेव्हा घोटाळा जन्माला आला. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत ‘बँक ऑफ कराड’ होती, कृष्णाकाठच्या कराडचं नाव लावणारी. त्या पावत्यांवर उचललेला पैसा शेअरबाजारात गेला. एसीसीचा दोनशे रुपयांच्या आसपासचा शेअर नऊ हजारांपर्यंत चढला. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ वर पोचला. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली आणि पत्त्यांचा बंगला कोसळायला सुरुवात झाली. पुढे देबाशिस बसू आणि सुचेता दलाल यांनी मिळून लिहिलेलं पुस्तक हाच या मालिकेचा पाया.

कागद आहे, त्यामागे वस्तू नाही. आवाज आहे, त्यामागे देह नाही. अचिंत ठक्कर यांनी असा विचार करून वाद्य निवडलं की नाही, हा वेगळा प्रश्न. कानाला ते जुळलेलं जाणवतं, एवढं खरं. सतारीवर बेतलेली धून इथे खोटी वाटली असती, कारण सतार लाकूड आणि भोपळ्याची असते आणि या गोष्टीतल्या पैशाला असं काहीच हाताला लागत नव्हतं.

यात एक आणखी बारकावा आहे. १९९२ चा बाजार स्वतः इलेक्ट्रॉनिक नव्हता. दलाल स्ट्रीटवरच्या जीजीभॉय टॉवरमध्ये रिंगणात माणसं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडत, बोटांच्या खुणा करत, घसा फोडून भाव ओरडत. राष्ट्रीय शेअरबाजारात पडद्यावरची शेअर-खरेदी १९९४ मध्ये सुरू झाली, मुंबई शेअरबाजार १९९५ मध्ये संगणकावर गेला. म्हणजे मालिकेत डोळ्यांना दिसतं ते घाम, हात, आरडाओरडा. आणि त्याखालून वाजत राहतं ते निर्देह यंत्र. रिंगणातल्या माणसांना वाटत होतं की आपण बाजार चालवतो आहोत. त्यांच्या पायांखालून पैसा कधीच आकडा होऊन वाहू लागला होता. संगीताला ते आधी कळलेलं असतं आणि पात्रांना नंतर कळतं. पार्श्वसंगीतानं गोष्टीत आणखी एक गोष्ट सांगावी, ती अशी.

पुण्याला तो बाजार परका नव्हता. १९८२ मध्ये स्थापन झालेलं पुणे स्टॉक एक्स्चेंज सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर होतं. साड्यांच्या दुकानांच्या शेजारी शेअर्सचे सौदे होत. ती संस्था आता राहिलेली नाही. पण ही धून पेठांमधल्या साठीच्या माणसांच्या मोबाइलवर वाजते, तेव्हा ती निव्वळ फॅशन नसते. १९९२ मध्ये ज्यांनी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून शेअर घेतले, त्यांतले कितीतरी जण तिच्यात स्वतःचा ऐन तरुणपणातला तो एप्रिल ऐकतात.

‘यंत्राचा आवाज आपल्या संगीताचा नव्हे’ हे वाक्य महाराष्ट्रानं यापूर्वीही ऐकलं आहे, आणि तेव्हा आरोपी होती पेटी. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये देबँनं पेटंट घेतलेलं हार्मोनियम आपल्याकडे आलं, संगीत नाटकात शिरलं आणि गोविंदराव टेंब्यांच्या बोटांत मराठी झालं. हेच टेंबे पुढे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत देतात. तरी पंडितांचा राग होताच: पेटीत मींड नाही, दोन सुरांमधलं घसरणं नाही, श्रुती नाहीत, पट्ट्या ठोकून बसवलेल्या. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज पेटीवाचून मैफल सुनी वाटते. आक्षेप चुकीचा नव्हता. पेटीला मींड खरोखरच येत नाही. साथीदारांनी त्या उणिवेला वळसा घालून आपली एक भाषा घडवली, म्हणून ती टिकली.

सिंथेसायझरला मींड येते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हा त्याचा अंगभूत गुण आहे. पट्टीशेजारचं चाक फिरवलं की सूर वाकतो, ग्लाइड चालू केलं की पट्ट्या वेगळ्या असूनही आवाज अखंड वाहतो. पेटीपेक्षा हे यंत्र रागसंगीताच्या जास्त जवळचं आहे, असं म्हटलं तर भुवया उंचावतील. पण एका माणसानं ते १९८२ मध्ये मुंबईत करून दाखवलं होतं.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. ‘दम मारो दम’मधलं ट्रान्झिकॉर्ड हे विजेवरचं अकॉर्डियन त्यांचं. १९८० नंतर त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं मिळवली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशिन आणि टीबी-३०३ ही बेसची चिमुकली पेटी. ती एकमेकांना जोडून त्यांनी दहा राग वाजवले. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीनं तबकडी काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती कुणी फारशी घेतली नाही. टीबी-३०३ सुद्धा बाजारात पडलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे शिकागोच्या पोरांनी ती स्वस्तात विकत घेतली आणि १९८७ मध्ये त्यातून ॲसिड हाउस नावाचं संगीत जगभर गेलं. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजित यांची जुनी तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपातल्या श्रोत्यांना कळेना, की हा आवाज शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत कसा? उत्तर मालकंसात आहे. टीबी-३०३ मध्ये सूर घसरवण्याची सोय होती आणि चरणजित यांना मींड हवी होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांना परदेशातल्या मंचांवर ते संगीत वाजवता आलं. २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या स्वतःच्या शहरात त्या तबकडीचं मोल अजून पुरतं झालेलं नाही, आणि हे बोचतं.

त्याहून जुनी गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवला. त्यात पुढाकार होता गीता साराभाईंचा. पखवाज वाजवणाऱ्या, १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीत शिकवणाऱ्या गीताबेन या विक्रम साराभाईंच्या भगिनी. १९६९ ते १९७२ या काळात त्यांनी आणि आणखी काही जणांनी त्या यंत्रावर रचना केल्या. फिती संस्थेतच पडून राहिल्या आणि त्यांतल्या निवडक रचना थेट २०२३ मध्ये तबकडीवर आल्या. अचिंत ठक्कर यांनी ‘रॉकेट बॉइज’मध्ये ज्या विक्रम साराभाईंसाठी वाद्यवृंद वापरला, त्यांच्याच बहिणीच्या पुढाकारानं सिंथेसायझरचं भारतातलं पहिलं पर्व घडलं होतं.

दूरचित्रवाणीच्या कथामालिकेला सिंथेसायझरचं संगीत देण्याची रीत जगात रुजली ती १९८४ च्या ‘मायामी व्हाइस’पासून. संगीतकार यान हॅमर, मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. दर आठवड्याला नव्या भागाला नवं संगीत, तेही जवळजवळ एकट्यानं. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्याची शीर्षकधून अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत पहिली आली. शब्द नसलेली धून. हा हॅमर त्याआधी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात होता आणि तिथे त्यानं मिनीमूग या सिंथेसायझरवर सूर असे काही वाकवले, की तंतुवाद्य वाजतं आहे असं वाटावं. मॅकलॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या वादकसमूहात गेला. म्हणजे ज्या संगीताला आपण पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारतो, त्याच्या मुळाशी आपल्याच मींडेचा ओलावा आहे. २०१६ च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेनं हा आवाज नव्या पिढीला पुन्हा ऐकवला आणि चार वर्षांनी तो दलाल स्ट्रीटवर उतरला. मधली वाट पूर्णपणे परक्या मुलखातून जाते, असं म्हणवत नाही.

पुण्यातल्या गाण्याच्या क्लासात आज काय वाजतं? तानपुरा मोबाइलमधला किंवा इलेक्ट्रॉनिक खोक्यातला. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकात विजेवरचा तानपुरा घडवला आणि तो शहराच्या प्रत्येक पेठेत पोचला. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावर मिरजेचे तानपुरे असतात, पण पहाटेचा रियाज बहुतेकदा यंत्रावरच होतो. त्या मिरजेच्या कारागिरांकडे जवारी काढण्याची जी विद्या आहे, घोडी घासून आणि तिच्यावर तारेखाली दोरा सरकवून सुरातले वरचे स्वरांश उघडायचे किंवा मिटवायचे, तीही ऐकण्याच्या अंगानं फिल्टरचीच विद्या आहे. सिंथेसायझरचा वादक कटऑफची खुंटी हळूहळू फिरवतो तेव्हा आवाज मिटलेला असतो तो उघडत जातो. हर्षदचा भाव चढत असताना खालचा खर्ज असाच उघडत जातो आणि छातीत काहीतरी घट्ट होतं. जवारीचा फरक ओळखणाऱ्या कानाला हे कळायला वेगळं शिक्षण लागत नाही.

ही धून डोक्यात रुतण्याचं आणखी एक साधं कारण आहे, तांत्रिक. सिंहगडावरच्या मनोऱ्यातून १९७३ मध्ये पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हापासून तीन दशकं मालिका ऐकल्या गेल्या त्या संचाच्या लहानशा स्पीकरवर. त्यातून खर्ज येतच नसे. म्हणून त्या काळचं संगीत मधल्या आणि वरच्या सप्तकात राहिलं: सनई, बासरी, सतार, माणसाचा गळा. ‘स्कॅम १९९२’ ऐकली गेली ती कानात घातलेल्या इअरफोनवर. टाळेबंदीत एकाच घरात चौघं चार पडदे पाहत होते. इअरफोननं खालचं सप्तक पहिल्यांदाच मालिकेच्या स्वाधीन केलं, आणि संगीतकारानं त्या तळघरात आपलं बिऱ्हाड थाटलं.

पुण्याच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे. इथल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेल्या बी. पी. सिंग यांनी दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसांची मालिका केली, १९९५ मध्ये ‘आहट’ आणि १९९८ मध्ये शिवाजी साटम यांना घेऊन ‘सीआयडी’. या दोन हिंदी मालिकांची शीर्षकसंगीतं की-बोर्डवरचीच. ती ऐकून एक पिढी पांघरुणात शिरली आहे. पण त्यांना कुणी संगीत म्हटलं नाही. भीतीचा आवाज, चोर-पोलिसाचा आवाज, एवढंच. त्यावर कुणी लेख लिहिला नाही, त्यांच्या रचनाकारांना कुणी मंचावर बोलावलं नाही. मालिकेच्या पार्श्वसंगीताकडे पाहण्याचा हा थंडपणा आपल्याला महागात पडला आहे.

२०२३ मध्ये ‘स्कॅम २००३’ आली, तेलगीची. खोट्या मुद्रांकांची ही कहाणी तर पुण्याचीच म्हणायला हवी. २००२ मध्ये बंडगार्डन पोलिसांकडे नोंदवलेल्या गुन्ह्यातून ती उलगडली, खटला पुण्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि २००७ मध्ये तिथेच तेलगीला १३ वर्षांची शिक्षा झाली. तो मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. आणि हर्षदला उघडं पाडणाऱ्या सुचेता दलाल यांचं शालेय शिक्षणही बेळगावचं. या मालिकेतही ती ओळखीची धून परत आली. पण इथे ती तितकी भिडत नाही. तेलगीच्या गुन्ह्यात हाताला लागणारी वस्तू होती. नाशिकच्या सरकारी छापखान्यातून मोडीत निघालेली यंत्रं, शाई, गठ्ठेच्या गठ्ठे कागद. त्याला छापखान्याची धडधड हवी होती. एकाच कुळातले दोन घोटाळे, पण दोघांचा आवाज एक नव्हे. यशस्वी धुनेचा शिक्का करून प्रत्येक गोष्टीवर उमटवला की ती पुन्हा पॅच होऊन बसते.

मराठी मालिकेला असं संगीत कधी मिळणार? सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’वर २०२० मध्ये वेबमालिका झाली आणि ती आवडीनं पाहिली गेली. याच पुणेकर लेखकानं फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद ही माणसं घडवली. वाचनालयांतून त्यांच्या कादंबऱ्या फाटेपर्यंत फिरल्या. त्या जगाला नाट्यपदाचा वारसा पुरणार नाही आणि वाहिन्यांच्या फोल्डरमधला तयार घण्ण तर मुळीच नाही. त्यातल्या एखाद्या कथेची संहिता चित्रीकरणाच्या कितीतरी आधी संगीतकाराच्या हाती पडावी. मंदार पटवर्धनच्या पावलांखाली कसला खर्ज वाजावा, फिल्टर कुठल्या प्रसंगापर्यंत मिटलेला ठेवावा, शीर्षकाला शब्द हवेत की नकोत, हे ठरवायला त्याला लेखकाइतकेच महिने मिळावेत. असा प्रयोग करू शकणारी मुलं या शहरात खोलीखोलीतून लॅपटॉप आणि छोटे सिंथ घेऊन बसलेली आहेत. त्यांना अजून कुणी मालिका दिलेली नाही.